मायटोटिक इंडेक्स कसा मोजावा: कांद्याच्या मुळापासून आकड्यापर्यंत

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये ‘मायटोटिक इंडेक्स ६० टक्के’ असा आकडा दिसला की समजावे, पोराने स्लाइडवर फक्त विभाजन होत असलेल्या पेशी शोधल्या आणि त्याच मोजल्या. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी, सगळे सुरळीत असताना, शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा पेशीच विभाजनात सापडतात. बाकीच्या इंटरफेजमध्ये, म्हणजे दोन विभाजनांमधल्या काळात असतात, दिसायला कंटाळवाण्या, आणि म्हणूनच मोजणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. स्लाइड करायला हात बसला की ती तासाभरात होते. खरा प्रयोग मोजणीचा आहे, त्यामुळे या लेखातही मोजणीला जास्त जागा दिली आहे.

इंडेक्सची व्याख्या सोपी: विभाजनातल्या पेशी भागिले मोजलेल्या एकूण पेशी, गुणिले १००. विभाजनातल्या म्हणजे प्रोफेज, मेटाफेज, अॅनाफेज आणि टेलोफेज, अर्थात पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था आणि अंत्यावस्था. पुढे लॅबमध्ये बोलतात तीच इंग्रजी नावे वापरतो.

कांदा कोणता घ्यावा

कांद्याची निवड सोयीची आहेच, पण त्यामागे शास्त्रही आहे. त्याची गुणसूत्रे फक्त १६ आणि चांगली लांबलचक असतात, त्यामुळे साध्या कॉलेज मायक्रोस्कोपच्या ४० च्या ऑब्जेक्टिव्हखालीही अवस्था ओळखता येते. लसणाचीही गुणसूत्रे १६च. कांदा दगा देत असेल तर लसणाच्या पाकळ्या लावाव्यात. एका गड्ड्यातून आठ-दहा पाकळ्या मिळतात. मात्र एकाच गड्ड्याच्या पाकळ्या म्हणजे एकच झाड, हे नमुन्यांची संख्या लिहिताना विसरू नये.

कांद्याला मुळे फुटत नाहीत, ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. त्याची कारणे बहुधा बाजारातच असतात. नुकताच काढलेला उन्हाळ कांदा काही आठवडे सुप्तावस्थेत असतो. मे महिन्यात शेतातून आलेला ताजा कांदा पाण्यावर ठेवून वाट बघत बसण्यात अर्थ नाही. कांदाचाळीत काही महिने राहिलेला, किंचित मऊ पडलेला, क्वचित कोंब डोकावू लागलेला कांदा आपल्या कामाचा. दुसरे कारण म्हणजे कोंब येऊ नयेत म्हणून केलेली प्रक्रिया. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रावर चालणारे विकिरण केंद्र आहे. तिथे कांद्यावर गॅमा किरणांचा मारा करतात तो विभाजी ऊती (जिच्यातल्या पेशी सतत विभागत असतात ती ऊती) थांबवण्यासाठीच. असा कांदा खायला उत्तम, पण पेशीविभाजन मोजायला निरुपयोगी. एखादे मूळ आलेच तरी त्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा आठवडी बाजारातून, एकाच ढिगातले, साधारण एकाच आकाराचे दहा-बारा कांदे घ्यावेत. काम पाच-सहांचेच असते; उरलेले न फुटणाऱ्यांच्या भरपाईसाठी.

बाहेरची वाळकी सालपटे काढा. बुडाशी जुन्या मुळांची सुकलेली जटा असते, ती ब्लेडने हलकेच खरवडून टाका. बुडाच्या चकतीच्या कडेने नव्या मुळांचे बारीक फुगीर ठिपके असतात, त्यांना पाते लागू देऊ नका. चारी बाजूंनी टूथपिक टोचून कांदा काचेच्या ग्लासवर असा बसवा की पाणी बुडाला फक्त टेकेल. अर्धा कांदा पाण्यात बुडाला तर दोन दिवसांत वास मारू लागतो. नळाचे पाणी असेल तर रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन जाऊ द्या, आणि रोज बदला. जागा अंधारी आणि तापमान शक्यतो २० ते २५ अंश. मे महिन्याच्या उकाड्यात हा प्रयोग लावायचाच असेल तर घरातला सर्वांत थंड कोपरा शोधा; तापमान बदलले की पेशीचक्राचा (एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतच्या फेरीचा) वेग बदलतो आणि मग दोन दिवशी केलेल्या मोजण्यांची तुलना होत नाही.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास मुळे दीड ते अडीच सेंटीमीटरची होतात. हीच घ्यायची. पांढरीशुभ्र, ताठ, टोकाशी किंचित पिवळसर. तपकिरी टोकाचे किंवा बुळबुळीत मूळ फेकून द्या.

फिक्स करणे

फिक्स करणे म्हणजे पेशी आहेत त्या अवस्थेत थिजवणे. त्यासाठीचे द्रावण, म्हणजे फिक्सेटिव्ह: एक भाग ग्लेशियल अॅसेटिक आम्ल आणि तीन भाग अॅब्सोल्यूट अल्कोहोल. आपल्याकडे याला सरसकट कार्नॉय म्हणतात; क्लोरोफॉर्म घातलेले अस्सल कार्नॉय वेगळे असते, पण या कामाला हे साधे मिश्रण पुरते. ते त्याच दिवशी बनवा. अल्कोहोल आणि आम्ल एकत्र राहिले की हळूहळू एस्टर बनत जातो आणि मिश्रण निकामी होते. गेल्या महिन्याची बाटली कपाटात दिसली तरी मोहात पडू नका.

मूळ कापल्यापासून फिक्सेटिव्हमध्ये पडेपर्यंत वेळ जाता कामा नये, म्हणून छोट्या बाटल्या भरून, लेबल लावून आधीच तयार ठेवा. लेबल पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलने पुसली जाते. शेवटचा सेंटीमीटरभर तुकडा कापून थेट बाटलीत टाका. एका बाटलीत चार-पाच मुळे, आणि द्रव त्यांच्या किमान वीसपट. चोवीस तासांनी मुळे ७० टक्के अल्कोहोलमध्ये घालून फ्रिजमध्ये ठेवली की काही आठवडे टिकतात.

किती वाजता कापावे यावर प्रत्येक प्रयोगशाळेचे ठाम मत असते. आपल्याकडे सकाळी आठ ते दहाची वेळ सर्रास सांगतात. माझे म्हणणे इतकेच की वेळ कोणतीही धरा, पण सगळ्या कांद्यांना तीच धरा. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी साध्या पाण्यावर ठेवलेले कांदे, सकाळी नऊला आणि एखाद्या रसायनाची प्रक्रिया केलेले कांदे जेवणानंतर अडीचला कापले, तर आलेला फरक कशाचा हे कोणालाच सांगता येणार नाही.

आम्लात मऊ करणे

वनस्पतिपेशी पेक्टिनने एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. ते सुटल्याशिवाय स्लाइडवर एकेरी थर मिळत नाही, आणि एकेरी थर नसेल तर मोजणी होत नाही. एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल लागते: सुमारे साडेआठ मिली तीव्र आम्ल पाण्यात घालून एकूण १०० मिली करा. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घाला.

मुळे पाण्यात धुऊन या आम्लात घाला आणि ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ५ ते ८ मिनिटे ठेवा. वॉटर बाथ नसेल तर गरम पाण्याच्या बीकरमध्ये थर्मामीटर लावून चालते, पण मग पाणी घालत-ओतत तापमान राखत उभे राहावे लागते. कमी वेळ दिला तर पेशींचे पुंजके राहतात. जास्त दिला तर टोक चिमट्यातच विरघळते आणि उरलेले फिकट रंगते. नव्या बॅचमधली दोन मुळे आधी चाचणीला घालून वेळ ठरवा. आम्लातून काढल्यावर दोन-तीन वेळा पाण्यात धुवा.

रंग आणि स्क्वॅश

रंग अॅसिटोकार्मिन किंवा अॅसिटो-ऑर्सिन. कार्मिन घरचे करायचे तर ४५ टक्के अॅसेटिक आम्लात (४५ मिली ग्लेशियल आम्ल, ५५ मिली पाणी) एक ग्रॅम कार्मिन घालून मंद उकळा, थंड करा, गाळा. वाफा डोळ्यांना झोंबतात, तेव्हा फ्यूम हूड किंवा निदान उघडी खिडकी हवी. कार्मिनला थोडे लोह मिळाले तर रंग गडद धरतो. जुने लोक म्हणूनच गंजकी सुई घेऊन ऊती कुस्करतात, आणि ती युक्ती खरोखर चालते.

मुळे वॉच ग्लासमध्ये रंगात ठेवा, अर्धा तास तरी. आता नीट बघा. मूळ सगळीकडे सारखे रंगत नाही. अगदी टोकाचा एक-दीड मिलीमीटर भाग गडद लालसर होतो, वरचा भाग फिकट राहतो. गडद भागात पेशी लहान, केंद्रक मोठे आणि डीएनए दाट. हीच विभाजी ऊती. तिच्या पुढे अगदी नाकाशी मूलटोपीचे धुरकट आवरण असते.

स्लाइडवर ४५ टक्के अॅसेटिक आम्लाचा एक थेंब, त्यात एक मूळ. खाली आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवा आणि टोकापासून नेमका दीड मिलीमीटर भाग ब्लेडने कापून बाकीचा काढून टाका. डोळ्याच्या अंदाजाने कापणे इथेच नडते. समजा दीड मिलीमीटरमध्ये हजार पेशी आहेत आणि त्यांतल्या १०० विभाजनात आहेत: इंडेक्स १० टक्के. आता कोणी उदारपणे तीन मिलीमीटर कापले आणि लांबट होऊ लागलेल्या, विभाजन सोडून दिलेल्या आणखी ६०० पेशी आत आल्या. विभाजनातल्या तेवढ्याच १००, एकूण १६००, आणि इंडेक्स ६.२५. कांदा तोच, मूळ तेच. ‘औषधामुळे विभाजन घटले’ असे निष्कर्ष कधी कधी ब्लेडच्या अशा घसरण्यातून निघतात.

कव्हरस्लिप ठेवून काड्यापेटीच्या काडीच्या मागच्या टोकाने त्यावर हलके टकटक करा. टोक ढगासारखे पसरत जाते. दिव्यावर स्लाइड दोन-तीनदा क्षणभर फिरवा. तळहाताच्या मागच्या बाजूला सोसवेल इतकीच गरम, उकळू द्यायची नाही. मग टिपकागदाची घडी ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि ती स्लाइड गेली. कडा नेलपॉलिशने बंद करा. फ्रिजमध्ये काही दिवस टिकते.

मोजण्याचे नियम आधी लिहा

मायक्रोस्कोपला डोळा लावण्यापूर्वी पुढच्या गोष्टी कागदावर ठरलेल्या हव्यात. नंतर ठरवल्या तर मन आकड्याच्या सोयीने ठरवते.

पहिला नियम क्षेत्राचा, म्हणजे मायक्रोस्कोपमध्ये एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचा. १० च्या ऑब्जेक्टिव्हने फिरून ‘छान जागा’ शोधायची आणि तिथेच मोजायचे, ही सवय मोडा. छान जागा म्हणजे जिथे गुणसूत्रे दिसतात ती, म्हणजेच विभाजन जास्त असलेली. त्याऐवजी ४० वर जा, कव्हरस्लिपच्या एका कोपऱ्यापासून सुरू करा आणि यांत्रिक स्टेजने नांगरटीसारखे ओळीने पुढे-मागे जा. दर तिसरे क्षेत्र मोजा, त्यात काही असो वा नसो. पेशी एकावर एक चढलेल्या असतील तर ते क्षेत्र सोडा, पण सोडल्याची नोंद करा.

दुसरा नियम कडेच्या पेशींचा. वर्तुळाच्या डाव्या अर्ध्या कडेने कापलेली पेशी मोजायची, उजव्या अर्ध्या कडेची नाही. केंद्रक बाहेर सांडलेली किंवा फुटलेली पेशी मोजायची नाही.

तिसरा नियम प्रोफेजचा, आणि सगळे भांडण याच्यावर होते. इंटरफेजचे केंद्रक दाणेदार असते, त्यात केंद्रकीचे (न्यूक्लिओलसचे) एक-दोन फिकट गोल ठिपके दिसतात. प्रोफेज सुरू होताना हे दाणे ओळींत जुळून धागे होतात, पण ‘दाणे’ आणि ‘धागे’ यांच्यामध्ये कोणतीही रेघ आखलेली नसते. ती तुम्हाला आखावी लागते. मी वापरतो तो निकष असा: फोकस थोडा वर-खाली करताना निदान काही धागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्याने पकडता आले तर प्रोफेज, नाहीतर इंटरफेज. तुमचा निकष याहून सैल किंवा कडक असू शकतो. दोन प्रयोगशाळांच्या इंडेक्समध्ये मोठी तफावत असली तर कित्येकदा ती या एका निकषाची असते. म्हणून अहवालात निकष शब्दांत लिहा आणि सीमारेषेवरच्या पेशीचा एक फोटो जोडा.

चौथा नियम टेलोफेजचा. दोन्ही टोकांना गुणसूत्रांचे गोळे झाले आहेत, मधली पेशीपट्टिका (दोन पेशींमध्ये तयार होणारी नवी भिंत) अजून कडेपर्यंत पोहोचलेली नाही: ही एक पेशी, टेलोफेज. पट्टिका या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिसली की त्या दोन पेशी, दोन्ही इंटरफेज. एका विभाजनाच्या दोन पेशी टेलोफेजमध्ये धरल्या तर टेलोफेज फुकटचे दुप्पट होते.

मोजताना दोघे असावेत: एक बघतो आणि बोलतो, दुसरा रेघा मारतो. एकटे असाल तर आयपीसमधून मोबाइलने प्रत्येक क्षेत्राचा फोटो घ्या आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमधल्या सेल काउंटरवर निवांत मोजा. फोटोत फोकस वर-खाली करता येत नाही, एवढी त्याची उणीव. स्लाइड कंट्रोलची आहे की प्रक्रियेची, हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका. लेबलवर कागद चिकटवून वर तिसऱ्या माणसाने सांकेतिक क्रमांक घातला की झाले.

किती पेशी, किती कांदे

दोनशे पेशी मोजून आठ टक्के आले, तर खरा आकडा साधारण ४ ते १२ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. हजार पेशींवर तेच आठ टक्के आले तर ही कक्षा ६.३ ते ९.७ इतकी आवळते. गणित साधे आहे: प्रमाण गुणिले एक वजा प्रमाण, भागिले पेशींची संख्या, त्याचे वर्गमूळ, आणि त्याच्या सुमारे दुप्पट इकडे-तिकडे. म्हणून एका कांद्यामागे किमान हजार पेशी धरा, त्याही दोन-तीन मुळांतून.

पण एकाच कांद्याच्या पाच हजार पेशी मोजल्या म्हणजे पाच हजार नमुने झाले असे नाही. नमुना एकच, तो कांदा. पाच कांद्यांचे पाच इंडेक्स काढा आणि पुढचे गणित त्या पाच आकड्यांवर करा. उदाहरणादाखल ८.१, ६.९, ९.४, ७.७ आणि ८.४ आले असे धरू. सरासरी ८.१, प्रमाण विचलन ०.९२, ते पाचच्या वर्गमूळाने भागले की ०.४१. पाच नमुन्यांसाठी टी-तक्त्यातला गुणक २.७८, म्हणून कक्षा ८.१ अधिक-वजा १.१. प्रक्रिया केलेल्या कांद्यांची तुलनाही याच पाच-पाच आकड्यांमध्ये टी-टेस्टने (दोन सरासरींमधला फरक तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीने) करायची.

टक्क्यांवरून मिनिटे

हजार पेशींमध्ये प्रोफेज ४५, मेटाफेज १४, अॅनाफेज ९, टेलोफेज १३ मिळाल्या असे समजा. संपूर्ण पेशीचक्र १७ तासांचे धरले, तर प्रमाणाने प्रोफेज सुमारे ४६ मिनिटे, मेटाफेज १४, अॅनाफेज ९, टेलोफेज १३ मिनिटांची येते. अॅनाफेज इतकी कमी का सापडते, याचे उत्तर इथे मिळते: ती चटकन उरकते.

पाठ्यपुस्तके इथे थांबतात. पण वाढत्या ऊतीत एका पेशीच्या दोन होत असल्याने नुकत्याच जन्मलेल्या पेशी नेहमी जास्त असतात आणि विभाजनापर्यंत पोहोचलेल्या कमी. त्यामुळे साध्या प्रमाणाने विभाजनाचा काळ कमी भरतो. दुरुस्तीचे सूत्र: एक अधिक इंडेक्स याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, गुणिले चक्राचा काळ. इंडेक्स ०.०८१ असताना साध्या प्रमाणाने विभाजनाला ८३ मिनिटे लागतात, या सूत्राने ११५. फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अर्थात चक्राचे १७ तास आपण बाहेरून घेतलेले आहेत. स्थिर स्लाइड स्वतःहून तासांचा हिशेब देत नाही. हॉवर्ड आणि पेल्क या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन तो हिशेब मांडला, आणि डीएनएची नक्कल इंटरफेजच्या मधल्याच ठरावीक काळात होते हे त्यातून स्पष्ट झाले. जी-वन (नकलेआधीचा काळ), एस (नकलेचा काळ), जी-टू (नकलेनंतरचा काळ) ही इंटरफेजची विभागणी तिथली.

इंडेक्स वाढला म्हणजे विभाजन वाढले?

दरवेळी नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ अल्बर्ट लेवान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळांवर कोल्चिसिन या वनस्पतिजन्य विषाचा परिणाम तपासला; याच लेवान यांनी पुढे १९५६ मध्ये जो हिन त्जिओ यांच्यासोबत माणसाची गुणसूत्रे ४६ असल्याचे दाखवले. कोल्चिसिनने तर्कूचे (गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणाऱ्या रचनेचे) तंतू तयार होत नाहीत, पेशी मेटाफेजला येऊन अडकतात आणि साचत जातात. मोजणी केली तर इंडेक्स चढलेला दिसतो, प्रत्यक्षात एकही विभाजन पुरे होत नसते. म्हणून एकूण इंडेक्ससोबत प्रत्येक अवस्थेचा वाटा वेगळा द्यायचा. मेटाफेज फुगली आणि अॅनाफेज-टेलोफेज गायब, तर वाढीची शक्यता सोडून अडथळ्याचा विचार करा. (सह्याद्रीत पावसाळ्यात लाल-पिवळी फुलणारी कळलावी, तिच्या कंदातही कोल्चिसिन असते आणि ते जीवघेणे आहे. प्रयोगासाठी घरगुती अर्क काढण्याच्या फंदात पडू नये.)

प्रक्रियेचा प्रयोग करायचाच असेल तर कॅफीन बरे. ते विभाजन अडवण्यापेक्षा पेशीपट्टिका पुरी होऊ देत नाही, त्यामुळे एका पेशीत दोन केंद्रके दिसू लागतात. वरच्या चौथ्या नियमाची इथे कसोटी लागते: अशी पेशी इंटरफेजमध्ये धरा आणि ‘द्विकेंद्रकी’ असा वेगळा रकाना ठेवा. नाल्याचे किंवा कारखान्याच्या सांडपाण्याचे नमुने तपासायलाही हीच पद्धत चालते. स्वीडनच्या फिस्केसयो यांनी १९८५ मध्ये तिला प्रमाण चाचणीचे रूप दिले. त्यात मुळांची लांबीही मोजतात, आणि मोजावीच. कांदे आधी दोन दिवस साध्या पाण्यावर वाढवून मग निम्मे नमुन्याच्या पाण्यावर हलवा, निम्मे ताज्या साध्या पाण्यावर. हलवण्याचा धक्का दोन्ही गटांना सारखा बसला पाहिजे.

अहवालातले निकालाचे वाक्य मग असे असावे: ‘पाच कांदे, प्रत्येकी १००० पेशी, टोकाचा १.५ मिमी भाग, सकाळी ९ वाजता फिक्स, तापमान २३ अंश. मायटोटिक इंडेक्स ८.१ ± १.१ टक्के (९५ टक्के विश्वासकक्षा). प्रोफेजचा निकष सोबतच्या छायाचित्रात.’ वापरलेले फिक्सेटिव्ह आणि रंग बेसिनमध्ये न ओतता टाकाऊ रसायनांच्या बाटलीत जमा करा.